न हलणारी खूण

केरबाचा स्टीलचा डबा पहिल्यांदा उंबरघोळीत आला तेव्हा शालनअक्काला वाटलं, भावानं काहीतरी गोडधोड आणलंय. तिनं पदराला हात पुसले, झाकण उघडलं, आणि बघते तर आत नुसतं तारांचं जंजाळ.

"ह्ये काय रं? शेवया करपल्या व्हय तुझ्या?"

ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. केरबाही हसला. साठी जवळ आली तरी अक्कापुढं तो चार वर्षांचाच होता. आई गेली तेव्हा तो तेवढाच होता आणि अक्का आठ वर्षांची. तिनंच त्याला कडेवर वागवलं, तिनंच भाकरी चुरून घातली, आणि लग्न होऊन उंबरघोळीला जाताना सासऱ्याला ठणकावलं, की माझा भाऊ महिन्यातनं आठ दिवस इथं राहील, चालत असलं तर बघा. आता केरबाला मागंपुढं कोण उरलं नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, दाजी त्याच्याही आधी गेलेले. होती ती अक्का, आणि अक्काचा एकुलता एक धैर्यशील, तो पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत.

केरबाचं तालुक्याच्या गावाला स्टँडामागं दुकान. सातवीत शाळेला रामराम ठोकलेला, पण हातात कला. रेडिओ होते तेव्हा रेडिओ खोलले, टीव्ही आले तेव्हा टीव्ही खोलले, मोबाईल आले तेव्हा तेही. लग्नसराईत कॅमेरा गळ्यात. पंचक्रोशीत असं लग्न नव्हतं, ज्यात केरबानं नवरीला "ताई, जरा हसा की, सासरीच चाललाय, तुरुंगात न्हाई" म्हटलं नव्हतं.

आता ह्या डब्याची भानगड काय, ते सांगितलं पाहिजे.

पाऊस पहिल्यासारखा राहिला नव्हता. महिन्याभराचा पाऊस चार दिवसांत कोसळायचा आणि मग पंधरा दिवस कडक ऊन. डोंगर त्यानं पोखरून निघाले होते. उंबरघोळी म्हणजे एकोणीस उंबऱ्यांची वाडी, डोंगराच्या उतारावर चिकटलेली. खाली ओढा, ओढ्यावर साकव, आणि साकवापलीकडं डांबरी सडकेला सरकारनं बांधून दिलेली पत्र्याची शेड. धोका वाटला की शेडमध्ये जायचं. पण धोका कधी, हे कुणी सांगायचं? पावसाळ्यात लोकांचे फोन दिवसाआड बोंबलायचे, सावध राहा म्हणून. आख्ख्या तालुक्याला एकच बोंब. पहिल्या वर्षी लोक धावले. दुसऱ्या वर्षी निम्मे गेले. तिसऱ्या वर्षी फोन वाजला की म्हातारी माणसं म्हणायची, "वाजूंदे, भूक लागली आसंल त्याला." शेडमध्ये जनावराला जागा नव्हती, आणि उंबरघोळीचा माणूस जनावर टाकून झोपत नाही.

तेव्हा अक्काच म्हणाली होती, "एवढी लगनं काढलीस, एक डोंगर काढून दाव की. हलतोय का न्हाई ते तरी कळंल."

गंमतीत म्हणाली. पण केरबाच्या डोक्यात किडा शिरला.

डोंगर एकदम पडत नाही. पडायच्या आधी महिनामहिना तो सरकत असतो, घड्याळाचा तासकाटा सरकतो तसा. बघत बसलं तर हललेला दिसत नाही. पण त्याच जागेवरनं दर मिनिटाला एक फोटो काढला तर दिवसाचे होतात चौदाशे चाळीस. ते एका सेकंदाला चोवीस ह्या वेगानं पळवले, की आख्खा दिवस एका मिनिटात डोळ्यांपुढनं जातो. ढग घोड्यासारखे पळतात, सावल्या लोळतात, आणि जे तासकाट्यासारखं चोरून सरकत असतं, ते उघडं पडतं.

हे सोपं. अवघड काय, तर संध्याकाळ. भर दुपारी जो उजेड असतो तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या चार लाख पट. कॅमेरा दुपारी डोळा मिचकावतो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. रात्री तोच डोळा अर्धा मिनिट उघडा ठेवावा लागतो. दुपारचं माप ठेवलं तर दिवेलागणीनंतर नुसता कोळसा. कॅमेऱ्याला म्हटलं, तुझं तूच ठरव, तर तो दर फोटोला वेगळं ठरवतो, आणि पिक्चर खराब ट्यूबलाईटसारखा लुकलुकतो. त्या लुकलुकण्यात डोंगर हलला का उजेड, देवाच्या बापाला कळत नाही.

म्हणून डबा. आत पत्त्याच्या पानाच्या निम्मी एक इलेक्ट्रॉनिक पाटी, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात त्यातला उजेड ओळखणारा डोळा, बॅटरी, आणि कॅमेऱ्याच्या कुशीत शिरणारी एक वायर. गेल्या दहा फोटोंत उजेड कसा उतरत आला ते डबा बघायचा आणि पुढच्या फोटोला कॅमेऱ्याचा डोळा केसभर जास्त उघडायचा. घाई नाही. गाडीवान उतारावर बैल आवरत आणतो तसा तो दिवसाला रात्रीत उतरवायचा. प्रोग्राम लिहायला आता इंग्रजी लागत नव्हतं. फोनला आपल्या बोलीत सांगितलं की तो लिहून द्यायचा. सांगितलं तेवढंच करायचा, एवढीच त्याची खोड.

पाच पाट्या जाळल्यावर सहावी चालली. समोरच्या टेकाडावर लोखंडी खांब रोवून केरबानं कॅमेरा बसवला, वर प्लॅस्टिकचं छप्पर घातलं. आणि मग वाडीत नवीनच रीत पडली. रोज दिवेलागणीला देवळाच्या पडवीत धोतराचा पांढरा पडदा लावायचा आणि कालच्या दिवेलागणीपासून आजच्यापर्यंतचा डोंगर एका मिनिटात बघायचा. लोक हातात चहा घेऊन यायचे. धुक्यानं वाया गेलेले फोटो गाळून जे उरायचं ते असं मऊ, असं नितळ, की दिवस कुठं संपला आणि रात्र कुठं लागली, बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. आपापल्या घरांची कौलं, धूर, दारात लुकलुकणाऱ्या बाया. "ती बघ माझी सून, दिसभर दारातच उभी," असं कुणीतरी म्हणायचं आणि सूनबाई आत पळायची. डोंगर उभा दिसला की लोक घरी जेवायला जायचे. फोनच्या बोंबेकडं आता कुणी ढुंकून बघत नव्हतं.

धैर्यशीलनं पुण्यात बसून डब्याचा नकाशा आणि प्रोग्राम इंटरनेटवर टाकला, नाव दिलं 'मामाचा डबा'. दोन महिन्यांत डोंगरकपारीच्या तेवीस वाड्यांनी तो बांधला. केरबाला फोन यायचे, मामा ही वायर कुठं, मामा ती वायर कुठं. त्याला पाठोपाठ भाचे झाले तेवीस वाड्यांत.

एकच कुसळ राहिलं होतं. वारा. टेकाडावरचा खांब वाऱ्यानं डुलायचा, आणि पडद्यावर डोंगर थरथरायचा. एकदा तर बाया पोरंबाळं उचलून साकवापर्यंत पळाल्या, आणि निघालं काय, तर खांब. तेव्हा केरबानं देवळात सगळ्यांना बसवून समजावलं. म्हणाला, ह्याला उपाय आहे. फोटोतली एक खूण धरायची. दर फोटो असा सरकवून लावायचा, की ती खूण एकाच जागी येईल. मग खांब कितीही डुलूंदे, पिक्चर डुलणार नाही. फक्त खूण अशी पाहिजे, की जी दिवसा दिसते, रात्री दिसते, आणि काही झालं तरी हलत नाही.

"मग त्यात काय इचारायचं?" गुंडाप्पा गुरव म्हणाला. "वाघजाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाडीच्या वरच्या अंगाला वाघजाईची शिळा, पुरुषभर उंच, शेंदरानं लालभडक, दिवसा मैलभरावरनं दिसणारी. मुंबईच्या पोरांनी तिच्या डोक्यावर सोलरचा दिवा लावलेला, तो रात्रभर जळायचा. आजे-पणजे गेले, घरं पडली, घरं उठली, वाघजाई जिथं होती तिथंच. केरबालाही ते लाखात एक वाटलं. त्यानं हात जोडले आणि तिथंच फोनला सांगितलं, "वाघजाई जागची हलू देऊ नको."

फोननं तसं लिहून दिलं. त्या दिवसापासनं पिक्चर असा ठाम झाला की जणू डोंगराला खिळे ठोकलेत.

आषाढ सरता सरता केरबानं महिन्याचा पिक्चर केला. तीस दिवस एका मिनिटात. पडवी भरली होती. डोंगर उभा, घरं उभी, वाघजाई मध्यभागी लाल ठिपक्यासारखी. लोक खूश झाले. अक्का तेवढी पडद्याजवळ जाऊन वाकून खालचा कोपरा बघत बसली.

"केरबा, तुझा साकव चढाला लागलाय बघ."

"काय?"

"साकव रं. वर सरकाय लागलाय. बोटभर. परत लाव."

केरबानं परत लावला. खरंच होतं. पडद्याच्या खालच्या कडेला ओढ्यावरचा साकव मुंगीच्या पावलानं वर येत होता. लोक हसले. कुणी म्हणालं, साकवाला बी वाघजाईचं दर्शन पाहिजे आसंल. केरबा मनात वरमला. त्याचा अंदाज असा, की भिंगाची कड गारठ्यानं ताणली असणार. कडेचं चित्र वाकडं येतंच, लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेचा पाहुणा जाड दिसतो तसं. अक्काला त्यानं तसं सांगितलं. तिनं पडद्याकडं आणखी एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुला कळतंय बाबा, मला काय कळतंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनला सांगून खालची तेवढी पट्टी कापून टाकली. पिक्चर सुबक झाला.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेना. तिसऱ्या दिवशी फोन तीनदा बोंबलले. वाडीतली दहाबारा माणसं शेडकडं निघाली, बाकीची दिवेलागणीच्या पिक्चरसाठी थांबली. केरबा दुकानात होता. चित्रं त्याच्याकडंही फोनवर यायची. अक्काचा फोन आला. गाय दिवसांत आलेली होती, आज उद्यात व्यायची. तिला साकवावरनं नेणं जमण्यासारखं नव्हतं आणि टाकून जाणं तर नाहीच नाही.

"जाऊ का ऱ्हाऊ, एवढंच सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

केरबानं चित्र लावलं. दिवस उजाडला, धुकं आलं, गेलं, मधेमधे डोंगर दिसला, संध्याकाळ अशी अल्लद उतरली की बघत राहावं. दोनदा बघितलं. तसूभरही काही हललं नव्हतं.

"ऱ्हा अक्का," तो म्हणाला. "डोंगर जागच्या जागी हाय."

सकाळी साडेसहाला, धारा काढायच्या वेळेला, उंबरघोळीचा उतार गेला. शेडमधल्यांनी सांगितलं, आवाज असा काही झाला नाही. चादर ओढावी तशी जमीन सरकली, वाडी उभीच्या उभी खाली आली आणि मग ओढ्यापाशी येऊन चुरडली. एकोणीसपैकी सोळा घरं. बावीस माणसं. अक्का तिसऱ्या दिवशी गोठ्यात सापडली. गाय व्यालेली होती.

भूगर्भवाल्या बाई आल्या होत्या पाहणीला. त्यांनी केरबाला बोलावून त्याचा खांब, त्याचा डबा बघितला, आणि म्हणाल्या की काका, तुम्ही केलंत तेवढं कोण करत नाही. एका रात्रीत इतका पाऊस झाल्यावर कुणाचाच उपाय नव्हता. लोकही तेच म्हणत होते. गुंडाप्पाची बायको, आख्खं घर गेलेली, केरबाच्याच गळ्यात पडून रडली. म्हणाली, वाघजाईनं नेलं, तिच्यापुढं तुझं काय चालणार.

केरबाला कुणी एक शब्द लावला नाही. तेच त्याला काट्यासारखं सलत होतं.

नवव्या दिवशी त्यानं खांबावरनं डबा उतरवून दुकानात आणला. कॅमेरा शाबूत होता. डब्यात एक यादी असायची, जी आजवर त्यानं कधी उघडली नव्हती: दर फोटो खूण जुळवायला किती सरकवला, त्याची. वाऱ्यानं डुललेल्या खांबाचे आकडे इकडंतिकडं पडलेले असतील, असं त्याला वाटलं होतं. तसे होतेच. पण त्या सगळ्याच्या बुडाशी एक चाल होती. सगळे फोटो डब्यानं वर सरकवले होते. पहिल्या आठवड्यात एक ठिपका. दुसऱ्यात दोन. आषाढाच्या शेवटाला दर दोन दिवसाला एक. एक ठिपका म्हणजे डोंगरावरचं एक बोट. शेवटच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत नऊ.

वाघजाई खाली जात होती, आणि डबा प्रत्येक मिनिटाला तिला उचलून जागेवर ठेवत होता. त्याला सांगितलंच तसं होतं.

यादीच्या शेवटी सकाळी सहा एकतीसपासनं एकच ओळ होती. खूण सापडत नाही. खूण सापडत नाही. बॅटरी संपेपर्यंत, दर मिनिटाला एक.

केरबानं ती यादी मिटली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील दुकानात आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. स्टुलावर बसला, आणि पहिली गोष्ट काय बोलला, तर आणखी चाळीस वाड्या डबा मागतायत, मामा. आपण आईच्या नावानं करू. मी नोकरी सहा महिने बाजूला ठेवतो. आईचा लई विश्वास होता तुमच्या डब्यावर.

चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. केरबाला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? यादी पुसायला दोन शब्द बोलायचा अवकाश. ह्या पोराशिवाय त्याला जगात कोण नव्हतं, आणि पोरालाही त्याच्याशिवाय. पण तेवीस वाड्यांत तेवीस डबे होते, आणि वाघजाईचं बघून प्रत्येक डबा त्या त्या वाडीच्या म्हसोबाला, भैरोबाला, जोखाईला बांधलेला होता.

त्यानं काउंटरवर कालचं वर्तमानपत्र पसरलं. दोन्ही ग्लास त्यावर ठेवले. बाजूला, उघड्या लाकडावर, एक पाना ठेवला.

"धैर्या, ह्या ग्लासाकडं बघ. असं समज, की ह्यो हलतच न्हाई. नजर ह्याच्यावरनं काढू नको."

आणि त्यानं पेपर हळू आपल्याकडं ओढला. दोन्ही ग्लास पेपरबरोबर आले. एकमेकांपासनं केसभर लांब गेले नाहीत. ज्याची नजर ग्लासावर, त्याला पानाच मागं चाललेला दिसणार.

पोरगं इंजिनिअर होतं. पेपर वीतभर सरकायच्या आत त्याला कळलं. त्याचा चेहरा केरबानं बघितला आणि बघवला नाही.

"आख्खा उतार," धैर्यशील म्हणाला. "घरं, गोठे, वाघजाई. सगळं एकदम."

"हां."

"मग साकव. साकव पलीकडच्या खडकावर हाय. तो वर जाताना दिसला आसंल."

"दिसला."

"कुणाला?"

केरबानं पेपरची घडी घालायला घेतली. घडी नीट पडेना.

"अक्काला," तो म्हणाला. "मला दावला तिनं. मी तिला म्हणलं, काचेचा दोष हाय. आन तेवढी पट्टी कापून टाकली."

बाहेर स्टँडावर एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता. चहावर साय धरली.

"आख्खा पिक्चर लावा," धैर्यशील म्हणाला. "पट्टी न कापलेला. साकवाला बांधून."

केरबानं फोनला तसं सांगितलं. खूण बदल, साकव धर. काही मिनिटांत झालं. एक्केचाळीस दिवस, एका मिनिटात.

साकव ठाम उभा होता. आणि उंबरघोळी चालली होती. घाई नाही, गडबड नाही. कौलं, कुडाच्या भिंती, उकिरडे, फणसाचं झाड, सगळी एका पावलानं, धाकटी थोरली हात धरून निघावीत तशी खाली निघाली होती, आणि वाघजाई त्यांच्यात होती, डोक्यावर दिवा घेऊन. दिवसाचा उजेड रात्रीत आणि रात्रीचा दिवसात असा विरघळत होता, की केरबानं जन्मात त्याच्याइतकं चांगलं काम केलं नव्हतं. वरच्या अंगाला, शेवटच्या, अक्काच्या घराच्या दारात, एक हिरवं लुगडं लुकलुकत होतं. वाळवण घालताना. वाळवण काढताना. गोठ्याकडं जाताना. प्रत्येक वेळी केसभर खाली.

धैर्यशीलनं चित्र संपू दिलं. मग उठला, आणि दाराशी जाऊन एकेका वाडीला फोन लावायला लागला. तेवीस फोन. आवाज चढवला नाही. खूण बदला, एवढंच सांगत होता. पण फोनवर कुणाला पटतंय? देव हलतो, असं फोनवर सांगून पटण्यातली गोष्ट नव्हती ती.

तेव्हा दोघं निघाले. मोटारसायकल धैर्यशील चालवायचा, केरबा मागं, डबा मांडीवर. पावसात, चिखलात, वाडीमागनं वाडी. रस्त्यात बोलणं कामापुरतं. इथं उतरा. बॅटरी द्या. धैर्यशील त्याला जेवायला वाढून द्यायचा, घाटात गाडी घसरली तर आधी त्याचा हात धरायचा. पण त्या सकाळपासनं त्याच्या तोंडनं 'मामा' हा शब्द आला नाही. तोडून काही बोलला असता तर केरबानं सोसलं असतं. हाकच बंद झाली, तिला काय करायचं?

एकवीस वाड्यांत काही निघालं नाही. खूण बदलली, लोकांनी देवाची क्षमा मागितली, संपलं. बाविसावी कोंडझरी. तिथल्या दोन महिन्यांच्या चित्राला त्यांनी सडकेवरच्या मैलाच्या दगडाला बांधलं, आणि पडद्यावर कोंडझरीचा म्हसोबा खाली सरकला. सव्वा हात. अख्ख्या वाडीसकट.

पडवीतनं एक म्हातारी उठली, काठी आपटत पुढं आली. "आमचा म्हसोबा पळपुटा हाय व्हय रं? सात पिढ्या हितं बसलाय त्यो. आन तुमी दोन घटकंत त्याला हलीवला?" मागनं दोघातिघांनी री ओढली. मशीनवाल्यांचं काय खरं, आज ह्याला बांधतील, उद्या त्याला. एक जण म्हणाला, उंबरघोळीला बी ह्यांचाच डबा होता की, मग का न्हाई वाचवलं?

केरबाची मान खाली गेली.

धैर्यशील पुढं झाला. पडद्याच्या उजेडात उभा राहिला, केसांचे खुंट नुकते उगवू लागलेले.

"उंबरघोळीच्या शालनबाईचा मी मुलगा," तो म्हणाला. "ह्यांचा डबा वाघजाईला बांधला होता. ह्यांनी माझ्या आईला सांगितलं, डोंगर हलला न्हाई, ऱ्हा. ती ऱ्हायली. हे तिचे सख्खे भाऊ. आपल्या बहिणीला जे सांगू नये ते सांगून बसलेत हे. म्हणून म्हणतो, आता हे सांगतायत ते ऐका. ह्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला कळलेलं न्हाई."

म्हातारी केरबाकडं बघत राहिली. मग काठी टेकत घराकडं गेली, आणि पहिली शेळी तिनंच सोडली.

कोंडझरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी झाली. सडकेपलीकडच्या शाळेत लोक राहिले, दावणीसकट. डोंगर अजून उभा आहे. आठवड्याला एखादं बोट सरकतो, कधी सरकत नाही. लोक अधनंमधनं केरबाला फोन करून शिव्या घालतात, की उगाच उठवलं, घरं उंदरांनी खाल्ली. केरबा ऐकून घेतो. म्हणतो, घाला.

आता वाड्या साठाच्या पुढं गेल्यात. प्रत्येक वाडीत तेच होतं. पडवीत लोक जमतात, धैर्यशील उभा राहतो आणि पहिल्यांदा ती गोष्ट सांगतो, तशीच, शब्द न बदलता, केरबाकडं न बघता. 'हे' म्हणतो. केरबा शेजारी उभा असतो, डबा पोटाशी धरून. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर फिरून जाईपर्यंत तो थांबतो. मग घसा खाकरून म्हणतो, "देव नको. आपण चाललो की तो आपल्यासंगं चालतो, त्याला काय करायचं? मला आसलं काहीतरी दावा, ज्याच्यात तुमचा कुणाचा जीव न्हाई."

आणि लोक विचार करत बसतात. बराच वेळ लागतो त्यांना.